वाघूळ वाईट की चटकचांदणी?



खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजाला तुम्ही कधी तिन्हीसांजेच्या एस.टी.ने उतरलात, तर घरी जायची घाई करू नका. घटकाभर थांबा. गुरे गोठ्यात गेलेली असतात, चुली पेटलेल्या असतात आणि ज्ञानगंगेच्या बाजूने एकामागून एक मोठी वाघळे आभाळात येऊ लागतात. कावळ्याहून मोठी, सावकाश पंख हलवणारी. पोरे ओरडतात, एखादा दगड भिरकावतो. म्हातारी माणसे ‘अपशकुनी जनावर’ म्हणून तोंड फिरवतात.

आता मान खाली घाला. रस्त्याच्या कडेला, पांदणीत, उकिरड्यावर, कुणाच्या पडीत जागेत कमरेएवढे हिरवे गवत माजलेले असते. पाने गाजराच्या पानासारखी आणि वर बारीक पांढरी फुले. कुणी त्याला गाजर गवत म्हणते, कुणी काँग्रेस गवत, कुणी पांढरफुली, तर कुणी चटकचांदणी. नाव मोठे गोड आहे. त्याला कोणी दगड मारत नाही. वाकून उपटत तर कोणीच नाही.

एक डोक्यावर, एक पायाशी. दोन्ही आपल्याच गावात राहतात. यातला वैरी कोण, असे विचारले तर बहुतेक लोक वाघळाकडे बोट दाखवतील. मी कृषी पदवीधर, शेतकी खात्यात उभी हयात गेली. पण एकेकाळी माझेही उत्तर तेच होते. माझ्या त्या उत्तराची किंमत दुसऱ्या एका माणसाने मोजली. म्हणून आज या दोघांचा हिशेब तुमच्यापुढे मांडतो.

तीस वर्षांपूर्वीचा सल्ला

नोकरीला नवीन होतो. पिंपळगाव राजाच्या शिवारात एका शेतकऱ्याची जांबाची बाग होती. जांब म्हणजे पेरू, हे इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी सांगतो. नाव कशाला, आपण त्यांना काका म्हणू. हस्त बहाराची फळे फाल्गुन-चैत्रात तयार होत होती आणि मळ्यातल्या जुन्या चिंचेवर वाघळांची मोठी वस्ती होती.

काका म्हणाले, “सायेब, या वाघळाईनं जांब ठेवले नाहीत. काही तरी करा.”

मी तरुण, हातात पदवी. म्हटले, सोपे आहे. झाडाखाली फटाके लावा, डबे वाजवा, दोन दिवस धूर करा. तेव्हाच्या कायद्याचीही आडकाठी नव्हती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळे खाणारी वाघळे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत, उंदीर-कावळ्यांच्या पंगतीला होती.

दोन दिवसांत झाड रिकामे झाले. तिसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत पाहायला गेलो. चिंचेखाली ठिकठिकाणी वाघळाची पिल्ले पडली होती. काही मेलेली, काही हलणारी. तो त्यांचा विणीचा काळ असतो, हे मला ठाऊक नव्हते. काकांची आई टोपल्यात ती पिल्ले गोळा करत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “यायले बी लेकरं रायतेत नं, बापू.”

बरे, एवढे करून जांब वाचले का? नाही. पोपट होतेच, आणि रात्री दुसरीकडची वाघळे येऊन खातच होती. पुढच्या वर्षी नुकसान जवळपास तेवढेच राहिले.

पण माझी मोठी चूक याहून वेगळी होती. ज्या धुऱ्यावर उभा राहून मी हा सल्ला दिला, त्या धुऱ्यावर पांढरी फुले माझ्या कमरेला लागत होती. त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. काकाही बोलले नाहीत. पिकात आले तेवढे निंदणात काढायचे, धुऱ्यावरचे राहू द्यायचे, अशीच सगळ्यांची रीत होती.

दहा-बारा वर्षांनी काका मला खामगावच्या बाजारात भेटले. मी ओळखलेच नाही. मान, पापण्या, कोपरांचे आतले भाग काळे पडून कातडे जाड झालेले, जागोजागी भेगा. उन्हात गेले की आग होते, रात्रभर खाज, झोप नाही. डॉक्टरांनी निदान केले होते गाजर गवताचे. इतकी वर्षे हाताने उपटले, काही झाले नाही आणि एका पावसाळ्यात एकदम अंगावर उठले. वावर त्यांनी ठोक्याने दुसऱ्याला दिले होते.

म्हणाले, “वाघळं तं गेली, सायेब. पन वावरातून मीच उठलो.”

हे वाक्य मी विसरू शकलो नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी माझ्या हाताने दिली होती.

वाघूळ आहे तरी काय?

आपण ज्याला मोठे वाघूळ म्हणतो, ते फळे आणि फुलांतला मध यांवर जगते. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-साडेचार फूट भरतात आणि वजन दीड किलोपर्यंत जाते. ते पक्षी नव्हे. अंगावर केस असलेले, पिल्लाला दूध पाजणारे जनावर आहे. ते आंधळे असते ही समजूतही खोटी. घरात शिरणारी लहान वाघळे आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात, किडे-पतंग खातात. पण हे मोठे वाघूळ डोळ्यांनी बघते आणि वासाने पिकलेले फळ शोधते. रक्त पीत नाही. रक्त पिणारी वाघळे दक्षिण आणि मध्य अमेरिकेत असतात, आपल्याकडे नाहीत.

दिवसा ती वड, पिंपळ, चिंच अशा मोठ्या झाडांवर उलटी लटकून झोपतात. रात्री चरायला कित्येक कोस जातात. फळ चावून रस गिळायचा, चोथा थुंकायचा, अशी त्यांची खाण्याची रीत. मोठे बी तोंडातून खाली पडते, बारीक बी पोटातून विष्ठेवाटे पडते. वड, पिंपळ, उंबर यांची फळे खाल्ली की त्यांचे बी असेच दूरवर जाते. मोहाच्या झाडावर तर त्याचे दुहेरी काम. फुलावर आले की परागकण इकडचे तिकडे नेते आणि फळ खाल्ले की बी पेरते.

आणखी एक झाड सांगतो, ते कापूसवाल्यांच्या कामाचे आहे. वाघळाला पिकलेल्या निंबोळ्या फार आवडतात. गर खाऊन बी ते झाडाखाली टाकते, कधी वाटेत टाकते. तुमच्या धुऱ्यावर कडूनिंबाचे रोप उगवलेले असते. तुम्ही लावलेले नसते, तुमच्या वडिलांनीही नसते. ते पाखरांनी नाहीतर वाघळांनी लावलेले असते. त्याच झाडाची निंबोळी वाळवून, कुटून, पाच किलोला शंभर लिटर पाणी या हिशेबाने अर्क करून आपण कपाशीवर मारतो. अर्क फवारताना त्या पेरणाऱ्याची आठवण कोणाला होते?

चटकचांदणीचे कूळ

आता पायाखालच्या पाहुण्याकडे वळू. हे गवत इथले नव्हे. त्याचे मूळ घर मेक्सिको आणि आसपासचा अमेरिकेचा उष्ण प्रदेश. आपल्या राज्यात ते १९५५ च्या सुमारास पुण्यात उकिरड्याच्या जागी लोकांच्या नजरेत भरले. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बी आले, पण तिकडे त्याला खाणारे किडे तिकडेच राहिले. त्यामुळे इथे त्याला मोकळे रान मिळाले. साठीच्या दशकाअखेर पुण्यातल्या डॉक्टरांना त्याच्यापासून होणारा त्वचारोग दिसू लागला. आज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत ते नाही असा प्रांत सापडणे कठीण.

त्याच्या अंगात पार्थेनिन नावाचे विषारी द्रव्य असते. ते तीन वाटांनी आपल्याला लुबाडते. पहिली वाट माणसाच्या अंगाची. कातडीला खाज, काहींना शिंका आणि दमा. दुसरी गुराढोरांची. सहसा गुरे त्याला तोंड लावत नाहीत. पण चाऱ्याच्या टंचाईत पोटात गेले तर तोंडाला, कातडीला इजा होते, दूध कडवट लागते. तिसरी पिकाची. मुळांतून आणि कुजणाऱ्या पानांतून ते द्रव्य जमिनीत उतरते आणि शेजारच्या बियांची उगवण मारते. त्याचे परागकण टोमॅटो, वांगी, मिरची यांच्या फुलांवर बसले की फळधारणा कमी होते. धुऱ्यावर आहे, पिकात नाही, म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दोघांची पेरणी

बघा, गंमत अशी की दोघांचाही धंदा एकच, बी पेरण्याचा. वाघूळ वड, उंबर, मोह, निंब पेरते. चांदणी फक्त स्वतःला पेरते.

आता त्यांच्या वंशवाढीचा हिशेब मांडू. वाघळाची मादी साधारण पाच महिने पोटात वागवून बहुधा एकच पिल्लू देते. तेही वर्षातून एकदा. सुरुवातीचे काही आठवडे ते आईच्या पोटाला चिकटून असते. उलट गाजर गवताचे एक झाड उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येते आणि दहा ते पंचवीस हजार बिया टाकते. ओल मिळाली तर वर्षात त्याच्या अनेक पिढ्या होतात. बी इतके हलके, की वाऱ्याने, पाण्याने, बैलगाडीच्या चाकाला, ट्रॅक्टरला, गुरांच्या खुरांना चिकटून जाते. जमिनीत गाडले गेले तर काही वर्षे जिवंत राहते.

म्हणजे दहा माद्या वर्षाला फार तर दहा पिल्ले देतील. दहा झाडे एका हंगामात कमीत कमी एक लाख बिया देतील. एक रात्र फटाके फोडून वाघळांची वस्ती मोडता येते, ती पुन्हा भरायला वर्षेच्या वर्षे जातात. गवत मात्र एक रात्र सोडा, एक वर्ष उपटूनही संपत नाही. जे सहज मरते आणि पुन्हा लवकर येत नाही, त्याच्यावर आपण हात उचलतो. जे एका दुर्लक्षात लाखाने वाढते, त्याला वाट देतो. सारा घोटाळा इथे आहे.

वाघळाच्या नावे खर्चही मांडू

हिशेब एकतर्फी नको. वाघूळ फळबागेचे नुकसान करते, हे खरे आहे. जांब, आंबा, चिकू, केळी यांपैकी पिकलेले फळ ते सोडत नाही. पण मारून हे नुकसान थांबते का? मॉरिशस बेटात लिची आणि आंब्याच्या बागा वाचवण्यासाठी सरकारने २०१५ आणि २०१६ मध्ये तिथली वाघळे हजारोंनी मारली. बागांचे उत्पन्न त्यामुळे वाढले नाही. माझ्या काकांच्या बागेत जे लहान प्रमाणात झाले, तेच तिथे मोठ्या प्रमाणात झाले.

दुसरी गोष्ट आजाराची. निपाह नावाचा विषाणू या वाघळांच्या अंगात राहतो. २०१८ साली केरळात कोझिकोड आणि मलप्पुरम भागात त्याने १७ माणसे नेली. महाबळेश्वरच्या एका गुहेतून मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वाघळांतही निपाहच्या खुणा सापडल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२१ मध्ये सांगितले. घाबरून जायचे कारण नाही, पण शिस्त पाळावी. वाघळाने किंवा पाखराने चावलेले फळ खाऊ नये, पोरांना खाऊ देऊ नये. फळे धुऊन, सोलून खावीत. वाघळाला, जिवंत असो की मेलेले, उघड्या हाताने शिवू नये. चावले तर जखम साबणाने भरपूर धुऊन लगेच दवाखाना गाठावा. वाघळाचे तेल सांधेदुखीवर लावतात, त्यासाठी त्याला मारतात. त्या तेलाने सांधे बरे होत नाहीत. आजार मात्र घरात यायचा.

म्हणजे वाघळाला डोक्यावर घ्या असे माझे म्हणणे नाही. त्याला त्याच्या झाडावर राहू द्या आणि आपण आपल्या जागी राहा. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या सरसई गावाचे लोक वाघळांना गावाचे राखणदार मानून सांभाळतात. आपण तेवढे नाही केले तरी चालेल. कायद्यातही बदल झाला आहे. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती जुनी यादीच काढून टाकली. १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू आहे.

बागेचा बंदोबस्त

१) फळ झाडावर पूर्ण पिकू देऊ नका. जांब पक्व होऊन रंग बदलू लागला की तोडा. बाजारालाही तेच फळ चालते.

२) झाडे थोडी असतील तर फळांना कागदी किंवा कापडी पिशव्या बांधा. घरच्या एक-दोन झाडांवर जुने लुगडे टाकले तरी भागते.

३) जाळी लावायची तर बारीक छिद्राची आणि ताणून लावा. सैल जाळीत पाखरे आणि वाघळे अडकून मरतात.

४) धुऱ्यावर उंबर, जांभूळ असू द्या. त्याला तिथे खायला मिळेल.

गवताचा बंदोबस्त

१) वेळ महत्त्वाची. मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाली की फूल येण्याआधी मुळासकट उपटा. फूल दिसले म्हणजे उशीर झाला.

२) उघड्या हाताने उपटू नका. हातमोजे घाला. ते नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हातांना बांधा. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, तोंडाला रुमाल किंवा पदर बांधा. काम झाल्यावर साबणाने अंघोळ करा, कपडे वेगळे धुवा. दम्याच्या किंवा खाजेच्या माणसाला या कामाला लावू नका. पोरांना तर मुळीच नको. खाज सुरू झाली तर घरगुती लेप लावत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

३) फुलाआधी उपटलेले गवत शेणकाल्याबरोबर खड्ड्यात कुजवले की चांगले खत होते. फुलावर आलेले मात्र खतात टाकू नका. बी शेणखताबरोबर सगळ्या वावरात जाईल. ते खोल खड्ड्यात पुरा.

४) मेक्सिकन भुंगेरा आपल्या कामाचा आहे. मळकट पांढऱ्या पाठीवर गडद वेड्यावाकड्या रेषा असलेला हा छोटा किडा १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगलोरला आणला आणि १९८४ पासून शेतांत सोडला. पावसाळ्यात तो आणि त्याच्या अळ्या गाजर गवताचा पाला फस्त करतात, मग किडा जमिनीत जाऊन पुढच्या पावसाची वाट बघतो. पिकाला तो खाईल का, ही शंका रास्त आहे. काही ठिकाणी तो सूर्यफुलावर दिसल्याने चौकशीही झाली होती; पण त्याचे खरे अन्न गाजर गवतच. तो दिसला तर तिथे कीटकनाशक मारू नका. तो नसेल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

५) पडीत जागी तरोटा पेरा. दिवाळीच्या सुमारास तरोट्याच्या शेंगा गोळा करा, बी ठेवा आणि पावसाआधी पांदणीच्या कडेला फेकून द्या. तरोटा दाट उगवला की गाजर गवताला जागा देत नाही. कोवळ्या पाल्याची भाजी होते, हे घरच्या बायांना सांगायला नको.

६) एकट्याने हे काम निभत नाही. तुम्ही धुरा साफ केला आणि शेजाऱ्याने नाही, तर त्याचे बी वाऱ्यावर बसून तुमच्याकडेच येणार. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह पाळतात. पण आपल्याकडे तोवर बरेचसे गवत फुलावर येते. ग्रामपंचायतीने जूनमध्येच एक दिवस ठरवावा. पांदण, शाळेचे मैदान, दवाखान्याचे आवार, पाणवठा सगळ्यांनी मिळून साफ करावा. आणि दोन-तीन वर्षे सलग करावा. जमिनीतले जुने बी संपेपर्यंत सोडू नये.

काकांचा धुरा

गेल्या जूनमध्ये मी काकांकडे गेलो होतो. आता ते थकले आहेत. उन्हात येत नाहीत. वावर मात्र परत घरच्या वहितीला घेतले आहे, नातू पाहतो. सकाळी सातच्या सुमारास पोरगा आणि शेजारचे दोघे-तिघे हातमोजे घालून धुऱ्यावरचे गवत उपटत होते. काका चिंचेच्या सावलीत खाट टाकून, उपरणे गळ्याभोवती गुंडाळून बसले होते. वर पाहिले. पंधरा-वीस वाघळे लटकत होती. इतक्या वर्षांनी एवढीच परतली आहेत.

मी म्हटले, “काका, पुन्हा जांब खातील.”

ते म्हणाले, “खाऊ द्या दोन-चार. पिशव्या बांधल्या हायेत.” मग नातवाला हाक मारली, “अरे, ते निंबाचं रोपटं नको उपटू. ते कोनं लावलं नाही, आपसूक आलं हाये.”

बंधू-भगिनींनो, येत्या मृगात धुऱ्यावर जाल तेव्हा काय उपटायचे आणि काय राखायचे, एवढे बघून घ्या. हातमोजे विसरू नका.